गरोदरपणातली कंबर : बाक, भार आणि दुखणे

पाचवा-सहावा महिना लागला की घराघरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते. ओट्यापाशी थोडा वेळ उभे राहिले की कंबर भरून येते, रात्री कूस बदलताना चमक निघते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. घरातल्या अनुभवी बायकांचे उत्तरही ठरलेले असते : "होतंच असं. बाळंतपण झालं की थांबेल." त्या उत्तरात माया असते आणि स्वतः सोसल्याची साक्षही असते. डॉक्टरांनीही बराच काळ जवळजवळ हेच उत्तर दिले. गेल्या चाळीसेक वर्षांत मात्र या दुखण्याचा नेटाने अभ्यास झाला. गरोदरपणात शरीराची ठेवण का बदलते, त्या बदलाचा आणि दुखण्याचा संबंध किती, दुखणे कोणाला जास्त होते, कशाने कमी होते, हे प्रश्न तपासले गेले. त्यातून एक गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहे. कमरेचा वाढलेला बाक हा शरीराचा बिघाड नाही, आणि दुखणे सर्रास आढळते म्हणून ते मुकाट्याने सोसण्याचेही कारण नाही.

किती सर्रास? स्वीडनमध्ये ८५५ गर्भवतींची बाराव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ४९ टक्के स्त्रियांना गरोदरपणात कधी ना कधी पाठ किंवा कंबर दुखण्याचा त्रास झाला होता. अमेरिकेत १९८७ साली २०० बाळंतिणींना विचारले, तेव्हा हा आकडा ५६ टक्के निघाला. प्रश्न कसा विचारला, कोणत्या महिन्यात विचारला, यानुसार आकडे वरखाली होतात. पण साधारण दोघींपैकी एकीला हा त्रास होतो, हे बहुतेक देशांतल्या पाहण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसले आहे. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत गरोदर नोकरदार स्त्रियांच्या आजारपणाच्या रजेचे हे एक प्रमुख कारण आहे.

शरीर स्वतःला कसे सावरते

गर्भाशयाचे एरवीचे वजन जेमतेम ७० ग्रॅम. दिवस भरत येतात तेव्हा ते सुमारे १,१०० ग्रॅम होते. त्यात तीनेक किलोचे बाळ, वार, गर्भजल यांची भर. शिवाय शरीरात रक्त वाढते, स्तन जड होतात. एकूण दहा-बारा किलो वजन वाढते आणि त्यातला मोठा भाग शरीराच्या पुढच्या बाजूला येतो. कडेवर भरलेली घागर घेतलेली बाई जशी नकळत विरुद्ध बाजूला झुकते, तशीच गर्भवती आपला वरचा भाग मागे नेते. तसे केले नाही तर तोल पुढे जाईल आणि पाठीच्या स्नायूंना शरीर सतत मागे ओढून धरावे लागेल. मागे झुकल्याने कमरेचा बाक वाढतो. त्याची भरपाई म्हणून पाठीचा वरचा भाग थोडा पोक काढल्यासारखा होतो, खांदे पुढे येतात, मान किंचित पुढे सरकते. पावले फाकवून टाकल्याने चाल डुलती होते.

ही सोय माणसाच्या शरीरात फार जुनी आहे. कॅथरीन व्हिटकम, लायझा शपिरो आणि डॅनियल लिबरमन या तीन मानवशास्त्रज्ञांचा एक निबंध डिसेंबर २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यांनी १९ गर्भवतींच्या उभे राहण्याच्या ढबीची आणि कमरेच्या बाकाची मोजमापे घेतली. दिवस भरत येईपर्यंत हा बाक ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो आणि त्यामुळे शरीराचा तोल पायांवर स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. त्याहून लक्षणीय निरीक्षण हाडांचे होते. पुरुषांच्या कमरेतला बाक दोन मणक्यांवर पेललेला असतो, स्त्रियांमध्ये तो तीन मणक्यांवर विभागलेला असतो. स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांना जोडणारे मागचे छोटे सांधेही तुलनेने मोठे असतात, म्हणजे मणके पुढे घसरू नयेत यासाठी त्यांची बांधणी अधिक भक्कम असते. चार पायांवर चालणाऱ्या चिंपांझींमध्ये नर-मादीत असा फरक नाही. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या आदिमानवसदृश प्राण्यांच्या जीवाश्मांत मात्र तो दिसतो. दोन पायांवर चालणाऱ्या आईला पोटातले मूल घेऊन शिकाऱ्यांपासून पळायचे होते, अन्न शोधायचे होते. त्या गरजेतून ही रचना घडली, असा या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

बदल कमरेपुरता थांबत नाही. पोटाचे स्नायू ताणले जातात आणि मधल्या रेषेत एकमेकांपासून दूर होतात. एका अभ्यासात ३५ व्या आठवड्यात तपासलेल्या सर्वच स्त्रियांमध्ये ही फट आढळली. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी ती ३९ टक्के स्त्रियांमध्ये उरली होती. पावलेही बदलतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४९ स्त्रियांची गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि प्रसूतीनंतर पाच महिन्यांनी मोजमापे घेतली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींच्या पावलांची कमान थोडी खाली बसलेली आणि पाऊल काही मिलिमीटरने लांबलेले आढळले. बाळंतपणानंतर जुन्या चपला घट्ट होतात, या अनुभवाला अशी मोजमापांची साक्ष मिळाली.

बाक वाढला म्हणून दुखते का?

कंबर दुखते आणि कंबर वाकलेलीही दिसते, तेव्हा दोहोंची सांगड घालण्याचा मोह होतो. "नीट उभी राहत नाहीस म्हणून दुखतं" हे वाक्य त्यातूनच येते. पुरावा मात्र या सांगडीला फारसा पाठिंबा देत नाही.

ऑस्ट्रेलियात १९८७ साली ३४ गर्भवतींच्या पाठीची ठेवण वेगवेगळ्या महिन्यांत मोजली गेली. कमरेचा बाक सरासरी सातेक अंशांनी वाढला, पाठीच्या वरच्या भागाची गोलाईही जवळपास तेवढीच वाढली. त्यांपैकी दर दहाजणींमागे जवळजवळ नऊजणींना पाठदुखी होती. तरीही कोणाचा बाक किती वाढला आणि कोणाला किती दुखले, यांचा मेळ लागला नाही. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासाचा निष्कर्षही तसाच होता. ठेवण बदलते, दुखणे वाढते, पण जिची ठेवण जास्त बदलली तिलाच जास्त दुखते असे नाही. स्वीडिश अभ्यासकांना पोटाचा घेर आणि मुळातच खोल असलेला बाक यांचा दुखण्याशी थोडा संबंध दिसला, पण त्यावरून कोणाला दुखेल हे आधी सांगता येईल इतका तो बळकट नव्हता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की गर्भवतीला सतत "ताठ उभी राहा, पोट आत घे" असे टोकण्याने काही साधत नाही. तिचे शरीर बदलत्या भाराशी जुळवून घेत असते. फरक पडतो तो एकाच स्थितीत किती वेळ राहावे लागते, किती वजन उचलावे लागते, स्नायूंमध्ये किती ताकद आहे आणि विश्रांती किती मिळते, यांमुळे.

दुसरा आरोपी म्हणून संप्रेरकांकडे बोट दाखवले जाते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ साली गिनीपिगवर प्रयोग करताना रिलॅक्सिन या द्रव्याचा शोध लावला. गरोदर मादीच्या शरीरातल्या या द्रव्यामुळे कटिभागाच्या, म्हणजे कमरेखालच्या कड्याच्या, हाडांना जोडणारे बंध सैल होतात, असे त्यांना दिसले. मग गरोदर स्त्रीची कंबर याच सैलपणामुळे दुखत असणार, असा तर्क रूढ झाला. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका निबंधात तीव्र कटिवेदना असलेल्या स्त्रियांच्या रक्तात रिलॅक्सिन जास्त आढळल्याचे म्हटले होते, त्यामुळे या तर्काला बळ मिळाले. पुढच्या अभ्यासांनी मात्र उलटसुलट उत्तरे दिली. वेळेचेही गणित जुळत नाही. माणसात रिलॅक्सिनची पातळी पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस सर्वाधिक असते, दुखणे मात्र बहुतेकींना पाचव्या ते सातव्या महिन्यात सुरू होते. सांधे सैल होतात हे खरे. पण सैल सांधा म्हणजे दुखरा सांधा, असे समीकरण मांडता येत नाही.

मग धोका कोणाला जास्त? गरोदरपणापूर्वीच कंबर दुखत असेल, आधीच्या खेपेला दुखली असेल, कटिभागाला पूर्वी मार बसला असेल किंवा काम कष्टाचे असेल, तर शक्यता वाढते. आधीच्या बाळंतपणापासूनचे अंतर, उंची किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांचा संबंध आढळलेला नाही, असे कटिवेदनेविषयीच्या २००८ सालच्या युरोपीय मार्गदर्शक सूचना नोंदवतात.

दुखणी दोन, उपाय वेगळे

मराठीत आपण सगळ्यालाच कंबरदुखी म्हणतो. उपचार करणाऱ्याला मात्र दोन दुखणी वेगळी ओळखावी लागतात. पहिले दुखणे कमरेच्या मणक्यांजवळचे. ते पट्ट्यासारखे आडवे पसरते, वाकताना वाढते, दिवसभराच्या कामानंतर भरून येते. दुसरे कटिभागाच्या हाडांच्या कड्याचे. ते खाली असते : नितंबांच्या वर, जिथे दोन खळ्या दिसतात त्या सांध्यांपाशी, कधी मांडीच्या मागे, तर कधी पुढे जांघेच्या मध्यभागी. जिना चढताना, कूस बदलताना, साडी नेसताना एका पायावर उभे राहिले की ते एकदम जाणवते. दर पाच गर्भवतींमागे साधारण एकीला हा दुसरा त्रास होतो.

ते ओळखण्यासाठी यंत्राची गरज नसते. उताणे झोपवून गुडघा वाकवायचा आणि मांडीच्या हाडाच्या दिशेने खाली हलका दाब द्यायचा. ओळखीची कळ नितंबात उठली तर दुखणे कटिभागाचे असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या चाचणीत पाय सरळ ठेवून जमिनीपासून थोडा वर उचलायला सांगतात. पाय जड वाटला आणि कमरेला दोन्ही बाजूंनी हातांनी आवळून धरल्यावर तोच पाय हलका झाला, तर सांध्याला आधार कमी पडतो आहे हे कळते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हे काही मिनिटांत करू शकतो.

हा भेद करायचा कारण दोन्हींत टाळायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. कमरेच्या दुखण्यात चालणे बहुधा बरे वाटते. कटिभागाच्या दुखण्यात लांब पल्ल्याचे चालणे, मांडी घालून बसणे, पाय फाकवून करायच्या हालचाली आणि एका पायावर भार देणे त्रास वाढवते. अशा स्त्रीने बसून कपडे घालावेत, जिना एकेक पायरीने चढावा आणि अंथरुणातून उठताना दोन्ही गुडघे जुळवून आधी कुशीवर वळावे, मग हाताच्या आधाराने बसावे.

चकती सरकल्याची भीती अनेकींच्या मनात असते. १९८९ साली गर्भवती आणि इतर स्त्रियांच्या कमरेचे एमआरआय तुलनेसाठी तपासले गेले. चकतीत काही ना काही बदल दिसलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले, ५३ आणि ५४ टक्के. गरोदरपणात चकतीमुळे नस दबून खरोखर त्रास होण्याचे प्रमाण दहा हजारांत एक इतके कमी सांगितले जाते. मांडीतून पोटरीपर्यंत जाणारी प्रत्येक कळ म्हणजे सायटिका नव्हे.

भार कोणाच्या वाट्याला

या विषयावरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेतल्या नोकरदार स्त्रियांवर झाले आहे. महाराष्ट्रातल्या गर्भवतीचे काम बहुतेकदा वेगळे असते. जून-जुलैत कोकणात भाताची लावणी करणारी बाई दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेली असते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाईने काम सोडले तर जोडीची उचल फिटत नाही, म्हणून अनेक जणी दिवस भरत येईपर्यंत उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवत राहतात. शहरात घरकाम करणाऱ्या बायका एका दिवसात चार-पाच घरांची फरशी उकिडव्या बसून पुसतात. दुकानात काम करणाऱ्या मुलींना दिवसभर उभे राहावे लागते.

वजन किती उचलावे याचे काही ठोस आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संशोधकांनी २०१३ साली गर्भवतींसाठी मर्यादा सुचवल्या. वजन शरीराजवळ धरून आणि अधूनमधूनच उचलायचे असेल, तर विसाव्या आठवड्यापर्यंत सुमारे १६ किलो आणि त्यानंतर सुमारे १२ किलो. वारंवार उचलायचे असेल तर याहून कितीतरी कमी. नडगीच्या मध्याखालून किंवा डोक्याच्या वर काही उचलूच नये, असेही त्यात म्हटले आहे. आता घरातली वजने पाहू. पंधरा लिटरची भरलेली घागर म्हणजे पाण्याचेच पंधरा किलो. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह वजन तिसाच्या आसपास जाते. दोन वर्षांचे पहिले मूल अकरा-बारा किलोचे असते आणि ते दिवसातून किती वेळा कडेवर घेतले जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणजे शेतात किंवा कारखान्यात न जाणारी गृहिणीही सातव्या महिन्यात ही मर्यादा रोज ओलांडते.

मुंबईत हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येऊन शंभर वर्षे होत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पगारी विश्रांती मिळावी, यासाठीचे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना प्रसूतीपूर्वी आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिच्या खर्चाचा काही भार सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. त्यातून १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा झाला. पुढे १९६१ च्या देशव्यापी कायद्यात एक फारसे चर्चेत नसलेले कलम आले. गर्भवतीने विनंती केल्यास, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ऊसतोडणी, शेतमजुरी, घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र ही सोय पोचत नाही. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई म्हणून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. विश्रांतीच्या पाच-सहा आठवड्यांच्या मजुरीशी ताडून पाहिले तर ही रक्कम अपुरी आहे, हे उघड आहे.

काय केल्याने बरे वाटते

उपायांच्या बाबतीत चांगली बातमी आहे, पण ती माफक आहे. २०१५ साली कोक्रेन या संस्थेने गरोदरपणातल्या कंबरदुखी आणि कटिवेदनेवरच्या ३४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ५,१२१ स्त्रिया सहभागी होत्या. व्यायामाने कमरेचे दुखणे आणि त्यामुळे येणारी अडचण कमी होते, असे त्यातून दिसले, मात्र पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही आढावाकारांनी स्पष्ट लिहिले. २०१८ सालच्या दुसऱ्या एका विश्लेषणात व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत कंबरदुखीचा धोका ९ टक्क्यांनी कमी आढळला आणि दुखण्यामुळे घ्याव्या लागणाऱ्या रजाही घटल्या. कटिभागाच्या दुखण्यावर मात्र तसा परिणाम दिसला नाही. नॉर्वेत पहिलटकरणींच्या एका गटाने बारा आठवडे एकत्र व्यायाम केला, त्यात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर भर होता. ३६ व्या आठवड्यात त्यांच्यापैकी ४४ टक्के जणींना दुखत होते, व्यायाम न शिकवलेल्या गटात ५६ टक्के जणींना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसूतीपूर्व काळजीच्या सूचनांमध्ये संपूर्ण गरोदरपणात नियमित व्यायामाची शिफारस केली आणि आवडीनुसार फिजिओथेरपी, कमरेचा पट्टा, ॲक्युपंक्चर हे पर्याय सुचवले. त्याच संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे चालणे. त्याला गुडघे-तळहात टेकून पाठ वर-खाली करणे, म्हणजेच मार्जारासन, भिंतीला टेकून कंबर सपाट करणे आणि ओटीपोटाचा तळ आवळून सोडणे यांची जोड द्यावी. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, अकाली प्रसूतीची भीती असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर व्यायामापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

पट्ट्याने काही जणींना कामाच्या वेळी आराम पडतो. दिवस-रात्र बांधून ठेवण्याची ती वस्तू नाही. ॲक्युपंक्चरचा कटिभागाच्या दुखण्यावर उपयोग झाल्याचे ३८६ स्त्रियांच्या एका स्वीडिश चाचणीत २००५ साली दिसले, पण ते प्रशिक्षित हातांतच सुरक्षित. गरम पाण्याच्या पिशवीचा सोसवेल असा शेक आणि हलके तेल-मालिश चालते. पोटावर जोर देणारे रगडणे चालत नाही.

रोजच्या छोट्या बदलांचा उपयोग औषधापेक्षा जास्त होतो. ओट्यापाशी उभे राहताना एक पाय बुटक्या पाटावर ठेवून तो दर थोड्या वेळाने बदलावा. भाजी निवडणे, पोळ्या लाटणे खुर्चीवर बसून करावे. कमरेमागे उशी घ्यावी. टाच सपाट आणि मागे पट्टा असलेली चप्पल बरी, कारण पडण्याचा धोकाही खरा आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत २७ टक्के स्त्रिया गरोदरपणात एकदा तरी पडल्या होत्या. स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्याने कंबर पिळली जाते, तेव्हा दुखत असताना असा प्रवास टाळावा. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या डब्यातून गर्भवतींना प्रवास करता येतो, ही सवलत संकोच न करता घ्यावी. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटाखाली लहानसा आधार घ्यावा. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपणे बाळाच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

औषधांच्या बाबतीत सावधपणा हवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेपुरते पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय मानला जातो. दुकानातून सहज मिळणाऱ्या अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असते. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. शेवटच्या तीन महिन्यांत त्यांनी बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

हाडांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांची हाडे सूर्यप्रकाशाअभावी मऊ होतात आणि कटिभाग वेडावाकडा होऊन बाळंतपण जिवावर बेतते, हे १९२८ सालच्या पुस्तकात मांडले. आजही घरात, कार्यालयात दिवस काढणाऱ्या अनेक जणींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. सरकारी आरोग्य केंद्रांतून चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या रोज दोन गोळ्या देण्याचे धोरण २०१४ पासून आहे. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत.

बाळंतपणानंतर

"बाळंतपण झालं की थांबेल" हे बहुतेकींच्या बाबतीत खरे ठरते. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणींचे दुखणे ओसरते. सगळ्यांचे नाही. निरनिराळ्या अभ्यासांचा २००४ साली आढावा घेतला, तेव्हा प्रसूतीनंतरही सुमारे २५ टक्के स्त्रियांना त्रास होत असल्याचे दिसले. स्वीडनमध्ये गरोदरपणी कटिवेदना असलेल्या स्त्रियांना अनेक वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा दहापैकी एकीचे दुखणे अकरा वर्षांपर्यंत टिकलेले होते.

आपल्याकडे या उरलेल्या दुखण्याचे खापर एका गोष्टीवर हमखास फोडले जाते : सिझेरियनच्या किंवा प्रसूतीच्या वेळी पाठीत दिलेले इंजेक्शन. अशी शंका संशोधकांनाही आली होती. १९९० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ११ हजारांहून अधिक स्त्रियांना मागे वळून विचारले, तेव्हा कळा कमी करण्यासाठी एपिड्यूरल घेतलेल्या स्त्रियांत दीर्घकाळची पाठदुखी जास्त आढळली. मात्र आठवणींवर विसंबलेल्या पाहणीची मर्यादा लक्षात घेऊन पुढे नीट चाचणी झाली. ३६९ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला एपिड्यूरल आणि दुसऱ्याला दुसरे वेदनाशामक दिले गेले. सरासरी २६ महिन्यांनी दोन्ही गटांतल्या पाठदुखीत फरक आढळला नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते. त्यापुढचे दुखणे मात्र ताणलेले पोट, अपुरी झोप आणि वाकून दूध पाजणे, बाळ उचलणे यांच्याशी जोडलेले असते. इंजेक्शनच्या भीतीने कळांवरचा उपाय नाकारण्याचे कारण नाही.

मालिश, शेक, पोट बांधणे या आपल्या रीतींनी बाळंतिणीला विश्रांती आणि स्पर्शाचा आधार मिळतो, ही त्यांची खरी किंमत. पोट बांधल्याने स्नायूंतली फट भरून येते याला मात्र भक्कम पुरावा नाही. त्यासाठी स्नायूंना हळूहळू काम द्यावे लागते. फार क्वचित, स्तनपानाच्या काळात हाडे ठिसूळ होऊन मणका खचतो. बाळंतपणानंतर अचानक, असह्य पाठदुखी सुरू झाली तर ही शक्यता तपासावी लागते.

काही लक्षणे दिसली तर थांबून चालत नाही. कमरेच्या वर एका बाजूला दुखून थंडी-ताप आणि लघवीला जळजळ, ३७ आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, रक्त किंवा पाणी जाणे, पायातली ताकद कमी होणे, बसण्याची जागा बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाकी दुखण्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय अजून सर्रास वापरात आलेला नाही, तो म्हणजे विचारणे. प्रत्येक तपासणीला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन नोंदले जाते. त्याच वेळी डॉक्टरांनी, परिचारिकेने किंवा आशाताईंनी "कुठे दुखतं, कधी दुखतं, घरात आणि कामावर काय उचलावं लागतं?" एवढे विचारले, तर कोणाला व्यायाम शिकवायचा, कोणाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचे आणि कोणाच्या नवऱ्याला-सासूला पाण्याचा हंडा उचलायला सांगायचे, हे ठरवता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी आरोग्य केंद्रांवर गर्भवतींची मोफत तपासणी होते. कंबर दुखत असेल तर त्या दिवशी ते आपणहून सांगावे, आणि घरच्यांपैकी एकाने तरी सोबत जावे.